झाकण उघडू नये

कुवेतमधल्या माझ्या अठरा वर्षांत मी एकदाच स्वयंपाक केला, आणि त्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांची वीज गेली.

यात माझा हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. हेतू इतका चांगला होता की आठवला की अजूनही डोळे भरून येतात. (बायको म्हणते, ते धुरामुळे. तेव्हाचा धूर एवढा टिकत नाही, असं मी तिला सांगून पाहिलंय.)

मी हॉस्पिटलांतली यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. माझी बायको सुलभा तिथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स. ती माझ्या आधी कुवेतला आली, त्र्याण्णव साली, एकटी. माझा व्हिसा यायला सहा महिने लागले. पहिल्याच आठवड्यात ती चादरींच्या खोलीत दार लावून रडत होती, तेव्हा वॉर्डाच्या मुख्य सिस्टर आत आल्या. ब्रिजेट मॅडम. उंच, गोऱ्यापान, केस गाजरासारखे लाल, मूळच्या आयर्लंडच्या. आवाज असा, की पेशंटचा ताप दारातूनच उतरावा. सुलभाला वाटलं, गेली नोकरी. मॅडमनी तिला काहीच विचारलं नाही. चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि म्हणाल्या, "घडी घाल." दोघींनी मिळून तासभर चादरींच्या घड्या घातल्या. गठ्ठा संपला तेव्हा सुलभाचं रडणंही संपलं होतं.

तेव्हापासून मॅडम म्हणजे आमच्या घरातलं कुलदैवत. आणि हे कुलदैवत आता सेवानिवृत्त होऊन कायमचं आयर्लंडला निघालं होतं.

जाण्याआधी मॅडमनी आपल्या खोलीतलं सामान वाटायला काढलं. इस्त्री एकीला, पडदे दुसरीला. सुलभाच्या वाट्याला आला एक खोका. "स्लो कुकर आहे," मॅडम म्हणाल्या. "लढाईनंतर मी इथं परतले त्या वर्षी माझ्या आईनं पाठवला होता. मी कधी उघडलासुद्धा नाही. मला अंडं उकडता येत नाही, स्ट्यू कुठला करणार?" मॅडमची आई चार वर्षांपूर्वी वारली होती. विमान उशिरा पोचलं आणि मॅडमना माती द्यायलासुद्धा मिळालं नव्हतं. त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या होत्या, तेही चादरींच्या खोलीत.

बुधवारी सुलभा ड्युटीवर असताना मी तो खोका उघडला. आत चिनी मातीचं जाडजूड भांडं, काचेचं झाकण, आणि भांड्याच्या पोटात निळ्या शाईनं लिहिलेले दोन कागद. पहिल्या कागदावर ठळक अक्षरांत: आयरिश बीफ स्ट्यू. खाली साहित्य, कृती, सगळं क्रमवार. माझ्यासारख्या माणसाला आवडावं असं लेखन! दुसऱ्या कागदावर नुसता मजकूर होता, परिच्छेदच्या परिच्छेद. शेजारीण, हवापाणी, गुडघेदुखी असलं काहीतरी वर वर दिसलं. यंत्राशी संबंध नसलेला मजकूर वाचायची मला सवय नाही. तो कागद मी बाजूला ठेवला.

आणि तिथंच माझ्या डोक्यात दिवा पेटला.

मॅडम शुक्रवारी आमच्याकडे निरोपाच्या जेवणाला येणार होत्या. सुलभा कोंबडी आणि पुलाव करणार होती. संध्याकाळी ती घरात पाऊल टाकते न टाकते तोच मी जाहीर केलं, "मेनू बदललाय. त्यांच्या आईचा स्ट्यू, त्यांच्या आईच्या भांड्यात. आणि करणार मी!"

"तुम्ही?" सुलभानं पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "तुम्हाला येतो?"

"अगं, यंत्र करतं ते. त्याचं मॅन्युअल मिळालंय मला." (मी खरंच 'मॅन्युअल' म्हणालो. पुढचे सगळे भोग या एका शब्दाचे.)

"कसला स्ट्यू?"

"आयरिश बीफ स्ट्यू."

स्वयंपाकघरात काहीतरी खणकन पडलं आणि पाठोपाठ माझी आई बाहेर आली. आई तेव्हा व्हिजिट व्हिसावर देवगडहून आली होती. इंग्रजीतले मोजून दहा शब्द तिला समजायचे, पण त्यात नेमका हा होता.

"ता गायचा मा रे?"

"आई, ते आपल्यासाठी नाही, पाहुण्यांसाठी..."

"बाबू, मी ह्या घरात असासर ता शिजाचा नाय. आणि माझो व्हिसो अजून दीड म्हयनो आसा."

मॅडमचं विमान तर सोमवारचं. तेव्हा वादाला जागाच नव्हती. सुलभा म्हणाली, "मटण घाला आणि मॅडमना सांगून टाका. त्या काही रागावणार नाहीत." पण मला सांगायचं नव्हतं. सरप्राइज म्हणजे सरप्राइज! बीफसारखं दिसणारं मटण आणायचं आणि गप्प बसायचं, असा मी बेत केला.

गुरुवारी जमियात गेलो. जमिया म्हणजे तिथलं सहकारी दुकान, सुईपासून शेळीपर्यंत सगळं मिळतं. मांसाच्या काउंटरवर हैदराबादचे एक चाचा असत. मी इकडंतिकडं पाहून हळूच म्हणालो, "चाचा, ऐसा मटण दो जो बीफ जैसा दिखे."

चाचांनी सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "साब, ये बकरा था. पूरी जिंदगी बकरा रहा. अब मरने के बाद मैं इसको क्या समझाऊँ?"

मोठे तुकडे करून घेतले. बटाटे, कांदे, गाजरं मिळाली. बार्लीही मिळाली, तिचं प्रमाण दिलं होतं 'माणशी एक मूठ'. अडलं ते शेवटच्या ओळीशी: 'एक बाटली स्टाउट'. घरी येऊन शब्दकोश काढला. स्टाउट: लठ्ठ, दणकट, धष्टपुष्ट. म्हणजे एक बाटली लठ्ठ! आता लठ्ठ काय? मी ऑफिसातल्या फ्रान्सिसला फोन लावला. तो गोव्याचा, त्याला असलं माहीत असायचं.

"फ्रान्सिस, स्टाउट म्हणजे काय रे? एक बाटली हवी होती."

तो दबक्या आवाजात म्हणाला, "तू फोनवर विचारतोस? कुवेतमध्ये? ती काळी बिअर असते, गाढवा!" आणि खाड्कन फोन ठेवला. पाच मिनिटांनी त्याचा परत फोन आला. या वेळी आवाज मुद्दाम मोठा. "हॅलो! मगाशी आपलं काही बोलणं झालेलं नाही, बरं का! मला लठ्ठ माणसांबद्दल काही माहिती नाही!"

दारूबंदीच्या देशात काळी बिअर कुठून आणणार? पण आमच्या खैतानच्या गल्लीतल्या बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, बिअरसारखंच पण बिनदारूचं माल्ट मिळायचं. दुकानदार मल्याळी. त्यानं फ्रिज उघडून दाखवला. साधं माल्ट संपलेलं. होतं फक्त अननसाच्या स्वादाचं.

मी म्हटलं, माल्ट ते माल्ट. द्या.

शुक्रवारी सुलभाची सकाळची ड्युटी होती. ती दोनला सुटणार आणि मॅडमना घेऊन अडीचला घरी पोचणार. कृतीत लिहिलं होतं: मंद आचेवर आठ तास, झाकण उघडू नये. म्हणून मी सहाला उठलो. सुलभा दारात बूट घालत असताना मी सगळं भांड्यात रचलं, वरून अननस-माल्ट ओतलं, पिन सॉकेटात घातली (आयर्लंडची पिन कुवेतच्या सॉकेटात तंतोतंत बसते, हे माझं त्या दिवसाचं एकमेव यश) आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"काही अडलं तर वॉर्डात फोन करा," सुलभा म्हणाली.

"अडायचं काय त्यात?"

सुलभा गेली आणि आई आली. भांड्यासमोर उभी राहिली. कान देऊन ऐकलं.

"बाबू, ह्या पेटला आसा मा?"

"पेटत नाही आई, इलेक्ट्रिक आहे. हळूहळू शिजतं."

"शिट्टी खय?"

"याला शिट्टी नसते."

"मगे कळतला कसा शिजला ता?"

"आठ तासांनी शिजतं."

"आठ तास?" आईनं गालाला हात लावला. "आठ तासात मी देवगडाक जावन इलंय असतंय!" आणि मी काही म्हणायच्या आत तिनं झाकण उचललं, आत पाहिलं, हुंगलं आणि परत ठेवलं. "कच्चा आसा."

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

पुढच्या दोन तासांत आईनं ते झाकण सात वेळा उचललं. मी समजावलं की झाकण उघडलं की आतली ऊब जाते आणि दर खेपेला अर्धा तास वाढतो. आई मान डोलवायची. मी वळलो की मागं काचेचा आवाज! शेवटी मी तांत्रिक उपाय केला. बाजूला ठेवलेला तो दुसरा कागद घेतला, त्याच्या कोऱ्या पाठीवर जाड लाल मार्करनं लिहिलं, 'झाकण उघडू नये', आणि भांड्याच्या वरच भिंतीच्या फरशीवर चिकटवून टाकला. हॉस्पिटलात मी नादुरुस्त यंत्रांवर असेच कागद लावतो. डॉक्टरसुद्धा घाबरतात.

आईनं कागद सावकाश वाचला. "बरा," म्हणाली, आणि खुर्चीवर बसून राहिली. मी निर्धास्त होऊन आंघोळीला गेलो.

आता बार्लीचं सांगतो. मी माणशी एक या हिशेबानं चार मुठी घातल्या होत्या. आंघोळीहून आलो, पेपर वाचला, दाढी केली. स्ट्यूची चांगली वाफ येऊ लागली होती. आई फार शांत होती. इतकी शांत, की मला शंका यायला हवी होती. ती मी आंघोळीत असताना काय करून बसली होती, ते मला बाराच्या सुमाराला कळलं, कारण बाराच्या सुमाराला भांड्याचं झाकण आपोआप वर उठू लागलं.

"आई! हे काय?"

"काय?"

"झाकण वर येतंय!"

आई जवळ आली. काचेच्या झाकणाखाली पांढरी, फुगलेली बार्ली दाबून बसली होती आणि दोन गाजरं धक्काबुक्कीत सापडल्यासारखी कडेनं बाहेर डोकावत होती.

"तू काही घातलंस आत?"

"माका ता पातळ दिसला. पावण्यांका पाणी वाढतलंस काय? मगे चार मुठी ता घातलंय." आणि कागदाकडं बोट दाखवून म्हणाली, "झाकण उघडूक नाय मी. जरासा सरकवलंय."

आठ मुठी! बार्ली शिजून किती फुगते याची मला कल्पना नव्हती. तिनं भांड्यातला सगळा रस पिऊन टाकला होता. वर फुगवटा, खाली तळाशी करपल्याचा वास. घड्याळात सव्वाबारा. मी आच वाढवली. वास वाढला. पाणी हवं होतं, लगेच हवं होतं! मी फ्रिज उघडला, गार पाण्याचा जग काढला आणि तापलेल्या भांड्यात एका दमात रिकामा केला.

टक्.

एवढंच. फार मोठा आवाजही नाही. आधी एक बारीक रेघ दिसली, भांड्याच्या काठापासून तळापर्यंत. मग त्या रेघेतून अननसाच्या वासाचं पाणी झिरपलं, खाली विजेच्या भागात उतरलं, आणि फट्ट! लाल दिवा गेला. ट्यूब गेली. फ्रिज गुरगुरायचा थांबला. आणि मग त्या शांततेत हळूहळू सगळ्या खोल्यांचे एसी बंद पडल्याचं लक्षात आलं. महिना जुलै होता. बाहेर रस्त्यावर कबूतरसुद्धा चालत नव्हतं.

एक एक करून मजल्यावरची दारं उघडली. मग जिन्यावरून चपला वाजल्या आणि आमच्या दारात बिल्डिंगचे हारिस उभे राहिले. हारिस म्हणजे रखवालदार. आमचे हारिस इजिप्तचे, पोट मोठं, मिशा त्याहून मोठ्या. त्यांनी नाक वर करून हुंगलं. ओट्यावर पाहिलं. माझ्याकडं पाहिलं.

"मोहंदिस?" त्यांनी विचारलं. म्हणजे इंजिनिअर? हे त्यांनी मला पूर्वी बऱ्याच वेळा आदरानं विचारलं होतं. त्या दिवशी शंकेनं विचारलं.

वायरिंग जुनं, मजल्याचा मुख्य फ्यूजच जळालेला, शुक्रवार असल्यानं दुकानं बंद. पाच वाजेपर्यंत वीज नाही, असं हारिसांनी हातवारे करून सांगितलं. शेजारी आपापल्या दारात उभे राहून टॉवेलनं वारा घेत राहिले.

मी खाली बसलो. आतला स्ट्यू परातीत काढताना भांडं त्या रेघेवर दुभंगलं होतं आणि आता ते माझ्या मांडीवर होतं, दोन तुकड्यांत. मॅडमच्या आईनं एवढ्या दूर पाठवलेलं, वर्षानुवर्षं खोक्यात सुखरूप राहिलेलं. माझ्या हातात ते सहा तास टिकलं.

"ऊठ," आई म्हणाली. तिनं पदर खोचला होता. "गॅस चालू आसा. गॅसाक वीज लागना नाय." तिनं प्रेशर कुकर काढला, परातीतला स्ट्यू त्यात ओतला, बार्ली डावानं खरवडली, बोट लावून चव घेतली. तिचा चेहरा वाकडा झाला. "ह्या गोड कित्याक?"

मी अननसाचं सांगितलं.

आईनं डब्यातून मालवणी मसाल्याचा चमचा भरून आत टाकला. मग दुसरा टाकला. चार शिट्ट्या झाल्या. प्रत्येक शिट्टीला ती समाधानानं माझ्याकडं बघत होती.

अडीचला बेल वाजली नाही (वीज नव्हती), दार वाजलं. मी घाईघाईनं तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून वॉशिंग मशीनमध्ये लपवले आणि दार उघडलं. मॅडम दारात, हातात फुलं, चेहरा उन्हानं केसांच्या रंगाचा झालेला. सुलभा त्यांच्या मागून आत शिरली आणि एका श्वासात मराठीत म्हणाली, "अहो, लाईट का नाहीत? आणि ऐका, मॅडमना तो कुकर परत हवाय. टॅक्सीत म्हणाल्या, आईची तेवढीच एक वस्तू होती, रागानं की कशानं देऊन टाकली, आता चुकल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, त्यात काय, लगेच देते!"

"कुठला कुकर?" मी म्हणालो.

आयुष्यात काही प्रश्न असे असतात, की विचारल्या क्षणी माणूस पकडला जातो. सुलभाचे डोळे बारीक झाले.

तेवढ्यात मॅडमनी हात धुवायला बाथरूम विचारली. वॉशिंग मशीन बाथरूममध्येच! मी टॉर्च घेऊन त्यांच्या आधी आत घुसलो आणि मशीनला पाठ लावून उभा राहिलो. मॅडमनी हात धुतले, वाट पाहिली, आणि शेवटी नम्रपणे विचारलं, "मिस्टर परब, तुम्ही इथंच थांबणार आहात का?"

मी त्यांच्या मागोमाग बाहेर आलो. आणि मला ओलांडून आई आत गेली.

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण 'कुकर' तिला कळला होता, सुलभाचं मराठी तर पूर्ण कळलं होतं. ती बाथरूममधून बाहेर आली तेव्हा टॉवेलाचं गाठोडं तिच्या हातात होतं. मॅडमसमोर टेबलावर तिनं ते उघडलं. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले. हात जोडले.

"माझ्या झिलान फोडल्यान," ती म्हणाली. "माफी करा. तुमच्या आवशीचा होता मा ता?"

कुणी भाषांतर केलं नाही. करावं लागलंच नाही. मॅडमनी एक तुकडा उचलला, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. खोलीत इतकं गरम होतं की भिंतींना घाम यावा. सुलभाचा हात तोंडावर. मला जमिनीत जावंसं वाटत होतं, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो. खाली पाकिस्तानी कुटुंब राहायचं.

मी तोंडाला येईल ते इंग्रजी बोलू लागलो. सरप्राइज होतं. तुमच्या आईचा स्ट्यू करत होतो. बीफ नाही घातलं, मटण घातलं, त्याचीही माफी. भांड्याचं फार वाईट वाटतंय. "पण तुमच्या आईचं पत्र तेवढं नीट आहे," मी म्हणालो.

मॅडमनी मान वर केली. "कुठलं पत्र?"

"खोक्यातलं. भांड्यात ठेवलेलं. कृतीचं."

"खोक्यात पत्र नव्हतं," मॅडम सावकाश म्हणाल्या. मग थांबल्या. "मी खोका कधी उघडला नाही."

सुलभानं माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं तसं एकदाच पाहिलंय. "तुम्ही मॅन्युअल म्हणाला होतात."

मी स्वयंपाकघरात गेलो. पहिला कागद ओट्यावर होता, वाफेनं सुरकुतलेला. दुसरा भिंतीवर, माझ्या लाल अक्षरांसकट. तो सोडवताना एक कोपरा चिकटपट्टीबरोबर गेला. मी दोन्ही कागद मॅडमच्या हातात दिले आणि आईच्या मागं जाऊन उभा राहिलो.

मॅडमनी चष्मा लावला. खिडकीपाशी उजेडात गेल्या. पहिलं पान वाचलं, हसल्या. दुसरं पान मोठ्यानं वाचू लागल्या.

"'बीफ लिहिलंय ते पाहून हसू नकोस. आपल्याकडं नेहमी मटणच असायचं, तेही मानेचं, तुला ठाऊक आहे. पण तू आता तेलाच्या देशात राहतेस. तुला परवडेल, म्हणून बीफ लिहिलं.'"

सुलभा खाली बघत होती. मीही.

"'स्टाउट तिकडं मिळत नाही असं फादर सांगत होते. कोरा चहा घाल. बार्ली चौघांत मिळून एक मूठ पुरे, वर माणशी लिहिलं ती माझी चूक, पण आता कागद वाया कुठं घालवू?'"

"'आणि ब्रिजेट,'" मॅडमचा आवाज हलू लागला होता, मला वाटलं रडण्यानं, पण ते हसू होतं, "'तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नकोस. शेजारच्या बाईनं ओतलं, तिचं भांडं फुटलं. असली वेंधळी बाई मी आयुष्यात पाहिली नाही.'"

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

मी 'सॉरी' म्हणायला तोंड उघडलं. आणि मॅडम हसत सुटल्या! वॉर्डातला तो ताप उतरवणारा आवाज. आमच्या काळोख्या खोलीत तो असा खळाळला की शेजारचे लोक परत दारात आले. हसता हसता त्यांनी पुढच्या ओळी मनात वाचायला सुरुवात केली. हसू हळूहळू थांबलं. शेवटच्या ओळींपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. तिथं काय लिहिलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मग त्यांनी कागद उलटा केला. "आणि हे लाल अक्षरांत काय लिहिलंय?"

मी आईच्या मागं आणखी सरकलो. सुलभानंच सांगितलं, "झाकण उघडू नये."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. रुमालानं डोळे टिपले. "मी वर्षानुवर्षं तेच केलं. लढाईनंतर तिनं मला इथं परत यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी आले. मग हा खोका आला. मला वाटलं, आत टोमणा असणार. म्हणून उघडलाच नाही."

आई पुढं झाली. तिनं मॅडमना खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं, तुकडे बाजूला सारले आणि त्यांच्यासमोर बाऊल ठेवला. "जेवा आदी," ती म्हणाली. "निवता ता."

त्या बाऊलमध्ये जे होतं त्याला मी स्ट्यू म्हणणार नाही. चमचा उभा राहत होता. वरून मालवणी तवंग, मधे अननस, तळाला करपट. मॅडमनी एक घास घेतला. घाम पुसला. दुसरा घेतला.

"कसं आहे?" मी धीर करून विचारलं.

"माझी आई अख्ख्या गावात सर्वांत वाईट स्वयंपाक करायची," मॅडम म्हणाल्या. "तिच्या स्ट्यूला कशाची म्हणजे कशाची चव नसायची. याला निदान तीन आहेत." आणि बाऊल पुढं केला. "आणखी द्या."

त्यांनी तीन बाऊल खाल्ले. आई समोर बसून वर्तमानपत्रानं त्यांना वारा घालत होती. दोघी काहीतरी बोलत होत्या, एक इंग्रजीत, एक मालवणीत, आणि मधूनमधून माझ्याकडं पाहून एकाच वेळी मान हलवत होत्या. निघताना मॅडमनी पत्र पर्समध्ये ठेवलं आणि भांड्याचे दोन्ही तुकडे त्याच जुन्या टॉवेलात बांधून मागून घेतले. दारात त्यांनी आईला मिठी मारली. आईनं आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला अशी मिठी परत मारली असावी. हात कुठं ठेवायचे ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिनं मॅडमच्या पाठीवर लहान मुलाला थोपटतात तसं थोपटलं.

वीज साडेपाचला आली. एसी सुरू झाले तसा मजल्यावरून टाळ्यांचा आवाज आला. तेव्हा आमच्या तिघांच्या लक्षात आलं की आम्ही सकाळपासून काहीच खाल्लेलं नाही. कुकरच्या तळाला करपलेल्या बार्लीशिवाय काही उरलं नव्हतं. मी खाली जाऊन बकाल्यातून खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणि सहा अंडी घेऊन आलो. अपराधी भावनेनं म्हणालो, "आज तुम्ही दोघी बसा. अंडी मी उकडतो."

सुलभानं अंड्यांची पिशवी काढून घेतली. आईनं पातेलं काढून घेतलं.

"उकडतंय मी," आई म्हणाली. "तू फकत सोल."

मी मन लावून सहाच्या सहा सोलली. त्यातली चार खाण्याजोगी निघाली.